वेग एक, चपळाई दुसरी: टायमिंग गेटच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम ठरलं. सोळा-सतरा वर्षांच्या फुटबॉल टीमचा स्पीड आणि ॲजिलिटी मोजायची, काही आठवड्यांनी परत मोजायची, आणि टीमच्या कोच सरांना सांगायचं की प्रॅक्टिसने नक्की काय बदलतंय. आत्तापर्यंत सगळा कारभार स्टॉपवॉचवर होता. १०० मीटरला एकवेळ चालून जातं, पण १० मीटरला स्टॉपवॉच म्हणजे नुसता अंदाज. ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकशी जुळवायची असेल तर ०.२४ सेकंद मिळवायचे असा जुना हिशोब आहे, आणि १० मीटर पळण्यात चांगला खेळाडू आणि बरा खेळाडू यांच्यात बऱ्याचदा तेवढाच फरक असतो. मग आपण पोराचे पाय मोजतोय की आपला अंगठा, हेच कळत नाही.

त्यामुळे आधी टायमिंग गेट बनवायचे, म्हणजे प्रकाशाची रेघ (बीम) तुटली की आपोआप वेळ नोंदवणारे, मग बाकीचं.

९ जानेवारी

सेन्सर कुठला घ्यायचा यावर सकाळ गेली. एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) स्वस्त आणि सोपा पण मंद, उजेड गेल्यावर त्याला जाग यायलाच काही मिलिसेकंदांपासून काही दहा मिलिसेकंदांपर्यंत लागतात, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो, हीच खरी कटकट. टीव्ही रिमोटवाले इन्फ्रारेड रिसीव्हर पण बघितले, त्यातले बरेचसे थांबून थांबून येणाऱ्या सिग्नलसाठी असतात, सतत सिग्नल दिला की तो कचरा समजून दाबून टाकतात, म्हणजे गेटच्या कामाचे नाहीत (सतत बीमसाठी वेगळे मॉडेल मिळतात). शेवटी लाल लेझर आणि फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा फास्ट सेन्सर), आणि फोटोट्रान्झिस्टरपुढे आतून काळी केलेली नळी, म्हणजे उन्हात पण चालेल. लेझर कंबरेच्या उंचीवर, डोळ्यांच्या पातळीला अजिबात नाही.

आता हाताचा प्रश्न. पळताना हात धडाच्या पुढे असतो आणि एकच बीम असला तर तो एका खेपेला हाताने आधीच तुटतो, पुढच्या खेपेला धडाने तुटतो, आणि आपल्याला वाटतं पोरगा फास्ट किंवा स्लो झाला. म्हणून एकावर एक दोन बीम, दोन्ही एकदम तुटले तरच मोजायचं. दोन बीमने पण शंभर टक्के सुटका होत नाही, म्हणून कोडमध्ये अजून एक अट टाकली की एकापेक्षा जास्त तुकडे दिसले तर सगळ्यात लांब तुटलेला तुकडा म्हणजे धड. धड हातापेक्षा जाड असतं, एवढा साधा हिशोब.

गेट एकमेकांशी वायरलेस बोलतात (ईएसपी३२ नावाच्या छोट्या वायफाय चिपवरून). सगळीकडे सारखाच उशीर असेल तर वजाबाकीत तो उडून जातो, त्रास होतो तो कमीजास्त होणाऱ्या उशिराचा. त्यामुळे दर गेटने स्वतःच्या घड्याळात वेळ नोंदवायची, मोजणीआधी घड्याळं जुळवून घ्यायची आणि निरोप मागाहून पाठवायचा.

१२ जानेवारी

स्टार्टचा नियम: पुढचा पाय पहिल्या गेटच्या अर्धा मीटर मागे, मागेपुढे झुलायचं नाही, शिट्टी नाही, वाटेल तेव्हा निघा. शिट्टी का नाही ते पोरं लगेच विचारणार, तर शिट्टी वाजवली की पळण्यात प्रतिक्रियेची वेळ मिसळते आणि ती आपल्याला वेगळी मोजायचीय. आणि ही अर्धा मीटरची रेघ आता कायमची. कोणी एक मीटर मागून निघालं तर गेटवर येईपर्यंत अंगात जास्त वेग असतो आणि वेळ आपोआप सुधारते. बाकीच्या टीमचे आकडे कोणी फेकले की मी पहिलं हेच विचारणार, रेघ कुठे होती.

१५ जानेवारी

पहिली मोजणी झाली, ५, १० आणि ३० मीटर. गेट व्यवस्थित चालले.

सरांना एकच आकडा हवा होता, "फास्ट कोण?" पण यादी अंतराप्रमाणे बदलते. पाच नंबर (जर्सीचा नंबर) पहिल्या १० मीटरला सगळ्यांच्या पुढे आणि ३० ला मधेच कुठेतरी, उलट नऊ नंबर सुरुवातीला जडच वाटतो पण २० च्या पुढे सुटला की सापडत नाही. पिकअप आणि टॉप स्पीड या दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्यांना लागणारी ताकद पण वेगळ्या तऱ्हेची.

हे समजवायला बोल्टची २००९ ची बर्लिनमधली १०० मीटरची शर्यत काढली, कारण ९.५८ सगळ्यांना पाठ असतं पण आतले तुकडे कोणी बघत नाही. २०-२० मीटरचे तुकडे असे आहेत: २.८९, १.७५, १.६७, १.६१, १.६६. म्हणजे सगळ्यात वेगात तो ६० ते ८० मीटरमध्ये होता, ताशी साधारण ४४.७ किमी, आणि शेवटच्या २० मध्ये त्याचा पण वेग कमीच होत होता, बाकीच्यांचा जास्त कमी होतो म्हणून तो निसटल्यासारखा दिसतो. पहिल्या २.८९ मध्ये बंदुकीनंतरची ०.१४६ सेकंदाची प्रतिक्रिया पण धरलेली आहे. जगातला सगळ्यात फास्ट माणूस टॉपला पोचायला ६० मीटर घेतो. फुटबॉलमध्ये बहुतेक धावा १०-२० मीटरच्या, म्हणजे आमच्या पोरांना मॅचमध्ये टॉप स्पीड क्वचितच भेटणार. सर हे ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "मग नऊ नंबरला विंगवर टाकून मोकळं मैदान द्यायला पाहिजे." तो त्यांचा विषय.

१६ जानेवारी

कालचंच थोडं पुढे. पोरांची ठाम समजूत आहे की फास्ट म्हणजे पाय भराभर हलवणं. २००० सालचं वेयंड वगैरे मंडळींचं संशोधन नेमकं यावर आहे आणि त्यात दिसलं ते उलटंच, टॉप स्पीडला पाय हवेतून पुढे आणायला लागणारा वेळ फास्ट आणि स्लो माणसात जवळपास सारखाच, फरक होता तो जमिनीवर पाय टेकलेला असताना किती जोर लावला यात. आणि जोर लावायला वेळ असतो किती, तर टॉपला चांगल्या धावपटूचा पाय साधारण ०.१ सेकंद किंवा त्याहून कमी टेकतो. स्नायूला पूर्ण ताकद उभी करायला ०.३ सेकंद तरी लागतात. म्हणजे जिममध्ये सावकाश किती किलो उचलता यापेक्षा पहिल्या ०.१ सेकंदात त्यातलं किती निघतं यावर खेळ आहे. पिकअपच्या पहिल्या पावलांना पाय जास्त वेळ टेकलेला असतो, तिथे मात्र निव्वळ ताकद जास्त उपयोगी पडते. पाच नंबर आणि नऊ नंबरचा फरक बराचसा इथे असावा. पाच नंबर बुटका, मांड्या दणकट.

२१ जानेवारी

आता वळण. टेस्ट निवडली ५०५. १५ मीटरची लाइन, १० मीटरवर गेट, खेळाडू जोरात येतो, गेट ओलांडतो, १५ च्या रेघेवर पाय टेकून उलटा फिरतो आणि परत गेटमधून जातो, मधल्या ५ अधिक ५ मीटरची वेळ आपली. इलिनॉय टेस्ट पण खूप चालते, पण त्यात पळणंच इतकं आहे की जो सरळ फास्ट तो तिथे पण पुढे येतो आणि वळण्याबद्दल फारसं काही कळत नाही. टी-टेस्टमध्ये आडवं पळणं आणि उलटं पळणं मिसळलंय, डिफेंडरला बरी, पण वेळ वाढली तर कुठे वाढली ते शोधत बसा.

५०५ मध्ये पण सरळ स्पीड लपलेला असतोच, म्हणून संशोधक निम्फियस यांनी सांगितलेली वजाबाकी करायची: ५०५ ची वेळ वजा १० मीटरची वेळ. दोन्हीकडे अंतर १० च मीटर, उरतो तो वळण्याचा खर्च. समजा एकाचे १० मीटर १.८० आणि ५०५ २.४०, तर खर्च ०.६०, दुसऱ्याचे १.९५ आणि २.४०, तर ०.४५. दोघांची ५०५ सारखीच, पण पहिला स्पीडच्या जोरावर वेळ भरून काढतोय आणि दुसरा खरंच चांगला वळतोय. डावा पाय आणि उजवा पाय वेगवेगळे घ्यायचे, सरासरी काढायची नाही.

यादी पुन्हा उलटीपालटी झाली आणि अकरा नंबरची पोरगी, जी ३० मीटरला कुणाच्या लक्षात पण आली नव्हती, ती वळण्यात सगळ्यात स्वस्त निघाली. सर म्हणाले, "गेट बिघडलंय." परत मोजलं, तेच आलं.

२२ जानेवारी

रात्री बसून आकडेमोड केली, कारण फास्ट माणूस वळताना का मार खातो हे गणितातच दिसतं. थांबवायची असते ती गतिज ऊर्जा आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. सेकंदाला ६ मीटरने येणारा आणि ७ मीटरने येणारा, वेगात फरक १७ टक्के, पण ब्रेकचं काम ३६ टक्के जास्त. नऊ नंबर वजनाने पण जास्त, मग तर बोलायलाच नको.

गोल वळण घेतलं तरी सुटका नाही. ३ मीटर त्रिज्येचं वळण सेकंदाला ५ मीटरने घ्यायचं तर आडवं त्वरण गुरुत्वाच्या ०.८५ पट, म्हणजे शरीर उभ्या रेषेपासून ४० अंश कलतं, ते जमतं. तेच ७ मीटरने घ्यायचं तर १.७ पट, ५९ अंश कलायला लागेल, गवतावर बूट धरणारच नाही. तुलनेला ४०० मीटरचा ट्रॅक घ्या, आतल्या लेनची त्रिज्या साधारण ३६.५ मीटर, सेकंदाला १० मीटरने पळणारा तिथे १५-१६ अंश कलला की भागतं. त्यामुळे २०० मीटर पळणारा वळणात पण जवळपास तोच स्पीड ठेवतो आणि फुटबॉलवाल्याला मात्र वळायच्या आधी वेग मोडावाच लागतो. जितका अँगल तिखट तितका वेग सोडायचा, ही देवाणघेवाण कोणालाच चुकत नाही.

चित्त्यालाही नाही. २०१३ मध्ये नेचर या विज्ञानाच्या मासिकात बोत्सवानाच्या जंगली चित्त्यांची मोजणी छापून आली होती, गळ्यात सेन्सरवाले पट्टे बांधून. सगळ्यात जास्त वेग भेटला सेकंदाला २५.९ मीटर, ताशी ९३ किमी, पण एकेका धावेतला कमाल वेग सरासरीने सेकंदाला फक्त १४.९ मीटर होता. बहुतेक शिकारींत ते पूर्ण वेग वापरत नव्हते, त्यांचं कसब पिकअप, ब्रेक आणि झटकन वळणं यात होतं. पोरांना उद्या हे सांगणार, स्पीडचा देव म्हणून ज्याचे फोटो लावतात तो पण ब्रेकवर जगतो.

२९ जानेवारी

फोनवर २४० फ्रेमने व्हिडिओ घेतला, एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. अकरा नंबर आणि नऊ नंबर शेजारी शेजारी लावून बघितले. सगळे बघतात तो वळायचा पाय, पण फरक त्याच्या आधीच्या पावलात आहे. अकरा नंबर शेवटून दुसऱ्या पावलालाच टाच लांब पुढे टाकते, गुडघा-कंबर वाकवून खाली बसते आणि बराचसा वेग तिथेच मोडून टाकते, मग वळायच्या पायाला फक्त ढकलायचं काम उरतं. नऊ नंबर शेवटच्या पावलापर्यंत फुल स्पीडमध्ये येतो आणि सगळा भार एकाच पायावर घेतो, धड पुढे फेकलं जातं, मग ते सावरायला एक बारकं पाऊल अजून. वेळ जाते ती तिथे.

फिजिओ मॅडमना तेच क्लिप दाखवले. त्यांचं लक्ष वेळेकडे नव्हतंच, नऊ नंबरचा गुडघा आत पडतोय हे त्यांनी पहिल्या झटक्यात पकडलं. एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा) जायच्या बहुतेक केसमध्ये समोरच्याची धडक नसते, असाच ब्रेक मारताना किंवा वळताना गुडघा आत जातो आणि लिगामेंट तुटतं, आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त. "वेळ नंतर सुधार रे, आधी हा गुडघा बघ," म्हणाल्या. तेव्हा ठरलं की शीटमध्ये वेळेशेजारी एक कॉलम गुडघ्याचा, आत पडतो का, हो किंवा नाही एवढाच.

५ फेब्रुवारी

आतापर्यंत जे मोजलं त्याला मी ॲजिलिटी म्हणतच नाहीये, ते दिशा बदलणं झालं. कुठे वळायचंय ते पोराला आधीच माहीत असतं. शेपर्ड आणि यंग यांनी २००६ मध्ये जी व्याख्या मांडली त्यात बाहेरून इशारा येणं आणि त्याला उत्तर म्हणून अख्ख्या शरीराने वेग किंवा दिशा बदलणं हे दोन्ही लागतं. नुसत्या मार्करमधून पळणं त्यात बसत नाही. कबड्डीत रेडर आत येतो तेव्हा कोपऱ्यावरच्याला कोणी आधी सांगतं का, कुठे जाणार ते?

म्हणून वाय टेस्ट. खेळाडू सरळ ५ मीटर येतो, गेट तुटलं की डावा किंवा उजवा दिवा लागतो, तिकडे ४५ अंशात वळून दुसऱ्या गेटमधून जायचं. कोडिंग सोपं, अर्ध्या तासात झालं. दिवे लावून टेस्ट केली, आणि सगळे आकडे एकमेकांना चिकटले, कोण चांगला कोण वाईट काही दिसेना.

७ फेब्रुवारी

दिव्याची भानगड कळली. दिवा लागायच्या आधी काहीच सांगत नाही. नजरेच्या साध्या इशाऱ्याला माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतातच आणि त्यात खेळाडू-खेळाडूत फार फरक नसतो. समोर माणूस असला की गोष्ट वेगळी, त्याचा खांदा, कंबर, कुठल्या पायावर वजन आहे हे आधीच बोलत असतं आणि जाणता खेळाडू ते वाचून लवकर निघतो. २००६ च्याच आसपास ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूंवर असा अभ्यास झाला, समोर माणूस उभा करून. वरच्या आणि खालच्या दर्जाच्या खेळाडूंमधला फरक १० मीटर स्प्रिंटमध्ये दिसला नाही, ठरलेल्या वळणात दिसला नाही, समोरच्या माणसाला प्रतिसाद देण्यात मात्र दिसला.

आज दिव्यांच्या जागी सर उभे राहिले. दोन पावलं टाकून डावीकडे किंवा उजवीकडे, मधेच एखादी हूल. आणि इथे आमच्या टीमचा कॅप्टन, जो ना फास्ट आहे ना वळण्यात भारी, तो सगळ्यांच्या पुढे. व्हिडिओत दिसतं की सरांचं पाऊल जमिनीला टेकायच्या आधीच याचं वजन त्या बाजूला गेलेलं असतं. पोरं म्हणाली, "दादा, तो सरांना ओळखतो म्हणून." मुद्दा बरोबर आहे, त्यामुळे पुढच्या वेळी हूल देणारा बदलत राहायचा, आणि हूल देणारा प्रत्येकाला सारखीच देईल याची खात्री नसते ही या टेस्टची कमजोरी शीटवर लिहून ठेवली.

१४ फेब्रुवारी

प्रॅक्टिसवर बैठक. लॅडरवरून (पाय टाकत जायची जमिनीवर अंथरलेली शिडी) वाजलं. सरांना लॅडर ड्रिल आवडतात, पोरांनाही आवडतात, व्हिडिओला छान दिसतात. माझं म्हणणं, वॉर्मअपला ठेवा, पण त्याला ॲजिलिटी म्हणू नका: खाली बघून ठरलेला पॅटर्न नाचवणं, ब्रेक नाही, जोर नाही, समोर कोणी नाही. शिवाय २००१ मध्ये यंग वगैरेंनी दाखवलंय की सहा आठवडे सरळ स्प्रिंटची ट्रेनिंग दिली तर सरळ स्पीड वाढतो पण वळणं जितकी जास्त आणि तिखट तितका त्याचा फायदा कमी होत जातो, आणि वळणांची ट्रेनिंग दिली तर सरळ स्पीडला ती फारशी मदत करत नाही. ज्याची प्रॅक्टिस कराल तेच वाढतं.

ठरलं ते असं. एक दिवस स्पीड, छोट्या धावा आणि मधे पूर्ण आराम. आरामावर पण चर्चा झाली कारण सरांना पोरं उभी राहिलेली बघवत नाहीत. पण फुल स्पीडला लागणारं इंधन, फॉस्फोक्रिएटिन, काही सेकंदातच उतरतं, अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरतं आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. दर १० मीटरला एक मिनिट आराम हा ठोकळ हिशोब धरला. त्याआधी परत पळवलं तर ती दमछाक वाढवायची प्रॅक्टिस होते, चांगलीच असते, पण ती स्पीडची नाही.

दुसरा दिवस ब्रेकचा: आधी कमी वेगाने येऊन थांबणं, मग वेग वाढवत, मग वळणं, सोबत ताकदीचं काम. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (मांडीमागच्या स्नायूची एक एक्सरसाइज) फिजिओ मॅडमनी सक्तीची केली, हॅमस्ट्रिंगच्या दुखापती त्याने जवळपास निम्म्यावर येतात असं अभ्यास सांगतात, आणि फास्ट पोरांनाच ही दुखापत जास्त छळते. पाय पुढे जाऊन टेकायच्या जरा आधी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक मारत असतो, तिथेच तो फाटतो. तिसरा दिवस एकास एक, पकडापकडी, छोट्या जागेत तीनास दोन. मार्कर नाही, माणसं.

२६ मार्च

पुन्हा मोजणी. आकडे बघायच्या आधी एक नियम केला होता तो आता उपयोगी पडला: सुरुवातीला एकाच आठवड्यात दोनदा मोजून ठेवलं होतं, मधे काहीच बदललेलं नसताना वेळ जितकी हलते तितका आपला गोंगाट, त्याच्या आतला बदल सुधारणा म्हणून लिहायचा नाही. या नियमाने निम्म्या पोरांच्या "सुधारणा" शीटवरून गेल्या आणि पोरं माझ्यावर नाराज आहेत.

वजाबाकीत एक गंमत लपलीय. पाच नंबरचं १० मीटर स्पष्ट सुधारलं, ५०५ आहे तिथेच, म्हणजे त्याचा वळण्याचा खर्च वाढलेला दिसतो. शीट बघून सर म्हणाले हा बिघडला. बिघडलेला नाही, आता जास्त वेगाने येतोय आणि तेवढ्याच वेळात वळतोय, ब्रेकचं काम जास्त करतोय. म्हणून हा आकडा एकटा कधीच दाखवायचा नाही, १० मीटर, ५०५ आणि वजाबाकी तिन्ही शेजारी शेजारी. नऊ नंबरचं मात्र खरंच सुटलं, ५०५ कमी झाली, व्हिडिओत शेवटून दुसरं पाऊल खाली बसलेलं दिसतंय, गुडघ्याच्या कॉलममध्ये "नाही".

चौदा नंबर सगळ्यातच मागे गेला. त्याची उंची मोजली तर जानेवारीपासून भरपूर वाढलीय. मुलांमध्ये उंचीची उसळी साधारण चौदाच्या आसपास आणि मुलींमध्ये बाराच्या आसपास येते, पण काहींना उशिरा, आणि त्या काळात हातपाय लांबतात, ताकद मागाहून येते, पळणं काही महिने बेढब होऊन जातं. त्याला रँकिंगमधून बाहेर काढलं, त्याच्या आकड्यांची तुलना फक्त त्याच्याशीच.

२८ मार्च

पुढच्या वेळेसाठी टेस्टचा संच पक्का: १० आणि ३० मीटर, ५०५ दोन्ही पायांनी, आणि वाय टेस्ट माणूस समोर ठेवून, हूल देणारे तीन जण आळीपाळीने. इलिनॉय नाहीच, आणि दिव्यांची वाय टेस्ट काढून टाकली. दर मोजणीला उंची-वजन. सरांना एकच "ॲजिलिटी स्कोअर" हवाय, सगळं मिळून एक आकडा, तो मी देणार नाही असं सांगितलंय, त्यावर अजून वाद चालू आहे. कॅप्टनचा आकडा त्यात बुडून जाईल आणि तो पुढच्या सिलेक्शनला बाहेर बसेल, एवढं त्यांना उदाहरण देऊन दाखवलं. एप्रिलच्या मोजणीआधी मधल्या गेटच्या वरच्या बीमची नळी लांब करून घ्यायचीय, संध्याकाळी तिरपं ऊन आत शिरतं.